‘चेक’ : शह ते धनादेश

बँकेत भरायचा तो चेक, डॉक्टरांकडे करून घ्यायचे ते चेकअप, विमानतळावरचे चेक-इन, शर्टावरचे चेक्स, मुंबई-ठाण्याच्या वेशीवरचा चेकनाका, शिवारातला चेक डॅम आणि बुद्धिबळाच्या पटावरचे चेकमेट. शहरी मराठी माणूस दिवसभरात हा इंग्रजी शब्द किती वेळा उच्चारतो याची मोजदाद करणे अवघड आहे. गंमत म्हणजे या प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. कुठे तो पैशाचा कागद, कुठे तपासणी, कुठे अडथळा, तर कुठे कापडावरची चौकडी. परस्परांपासून इतके दूरचे अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास वाट इंग्लंडमधून फ्रान्सकडे, तेथून अरबी भाषेकडे आणि अखेर इराणात जाऊन पोहोचते. हा शब्द मुळात ‘राजा’ या अर्थाचा आहे. राजाचे नाव असलेला शब्द पुढे राजाला अडवण्याचे नाव झाला, अडवण्यातून तपासणी आली, तपासणीतून हिशेब आणि हिशेबातून धनादेश आला. त्याहून विशेष म्हणजे या शब्दाचे सख्खे भावंड मराठीतही शतकानुशतके नांदते आहे. ते भावंड म्हणजे ‘शह’.

मूळ पटावरचे

बुद्धिबळाचा उगम भारतातला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून या खेळाला ‘चतुरंग’ असे नाव पडले. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास तो इराणात पोहोचला. तेथे चतुरंगाचे ‘चत्रंग’ झाले. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर अरबी उच्चाराप्रमाणे त्याचे ‘शतरंज’ झाले आणि अरबांबरोबर हा खेळ स्पेन व सिसिलीमार्गे युरोपात शिरला.

इराणी खेळाडू पटावरील राजाला अर्थातच ‘शाह’ म्हणत. राजावर हल्ला होताच प्रतिस्पर्ध्याला सावध करण्यासाठी ‘शाह!’ असे म्हटले जाई. म्हणजे ‘तुझा राजा धोक्यात आहे, सांभाळ!’ राजाला सुटायला जागाच उरली नाही की ‘शाह मात’. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. अरबीत ‘माता’ या क्रियापदाचा अर्थ ‘मेला’ असा होतो. त्यामुळे ‘राजा मेला’ असा या शब्दांचा अर्थ पुढे रूढ झाला. तो खेळाच्या नियमाशी मात्र जुळत नाही. बुद्धिबळात प्यादे मरते, घोडा मरतो, वजीरही मरतो. राजा कधीच मारला जात नाही. त्याची कोंडी होते आणि डाव संपतो.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत ते ‘चेक’ म्हणून आले. जुन्या फ्रेंचमधील याच शब्दाच्या अनेकवचनातून या खेळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ तयार झाले. म्हणजे ‘चेस’ या शब्दाचा मुळातला अर्थ ‘अनेक शह’ असा होतो. ‘शाह मात’चे इंग्रजीत ‘चेकमेट’ झाले. त्यातील ‘मेट’चा सोबती या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी काहीही संबंध नाही.

युरोपातील भाषांनी या खेळाला दिलेली नावे पाहिली की दोन गट पडतात. स्पॅनिशमधील ‘आखेद्रेस’ आणि पोर्तुगीजमधील ‘शाद्रेझ’ ही नावे अरबी ‘शतरंज’वरून, म्हणजे मूळ ‘चतुरंग’वरून आलेली आहेत. इंग्रजी ‘चेस’, फ्रेंच ‘एशेक’, जर्मन ‘शाख’ आणि इटालियन ‘स्काकी’ ही नावे मात्र ‘शाह’वरून आलेली आहेत. रशियनने तर डावाचा शेवटच नावात घेतला. तेथे या खेळाला ‘शाखमती’ म्हणतात. एका गटाने सेनेचे नाव घेतले, दुसऱ्याने राजाचे.

मराठीतील भावंड

फारसीतून हाच शब्द ‘शह’ या रूपाने मराठीत आला. ‘राजाला शह देणे’ हा पटावरचा वाक्प्रयोग राजकारणात उतरला आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कायमचा वस्तीला आला. ‘काटशह’ हा त्याचा पुढचा, खास मराठी घडणीचा अवतार. शहाला दिलेला उलट शह, असा त्याचा अर्थ. निवडणुकांच्या काळात ‘शह-काटशहाचे राजकारण’ हा शब्दप्रयोग नसलेला आठवडा विरळाच. ‘मात’ हा शब्दही असाच रुळला. ‘संकटावर मात केली’ असे म्हणताना आपण इराणी बुद्धिबळाच्या डावातील शेवटचा शब्द उच्चारत आहोत, याची जाणीव कोणाला नसते.

मराठी आणि हिंदी यांची वाट येथे मात्र वेगळी झाली. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे चिथावणी देणे किंवा पाठीशी घालणे असाही अर्थ रूढ आहे. एखाद्याने गुंडांना ‘शह दी’ असे हिंदी वृत्तपत्र लिहिते तेव्हा त्याने गुंडांना अडवले असे नव्हे, तर पाठबळ दिले असे म्हणायचे असते. मराठीतला अर्थ नेमका उलटा. दोन शेजारच्या भाषांत एकच शब्द परस्परविरोधी अर्थांनी वावरतो, त्यामुळे हिंदीवरून घाईने अनुवाद करणाऱ्यांची फसगत होते.

या शब्दाची मुळे आणखी खोल जातात. प्राचीन इराणी सम्राट पहिला दारयवहुश, म्हणजेच डरायस, याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात राजासाठी ‘ख्शायथिय’ हा शब्द आहे. त्याचेच झिजत झिजत ‘शाह’ झाले. प्राचीन इराणी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा असल्याने या शब्दामागचा धातू संस्कृतमध्येही आहे. राज्य करणे, सत्ता चालवणे या अर्थाचा हा धातू ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ या शब्दांच्या मुळाशी आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या नहपानाच्या घराण्याची ‘क्षत्रप’ ही पदवीही याच इराणी परंपरेतून आलेली, राज्याचे रक्षण करणारा या अर्थाची. इतकेच नव्हे, तर ‘शहर’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. प्राचीन इराणीत राज्याला जो शब्द होता, त्याचा अर्थ आकसत आकसत नगरापुरता उरला. म्हणजे क्षत्रिय, क्षत्रप, शहर, शह आणि चेक हे पाचही शब्द दूरचे का होईना, पण एकमेकांचे नातेवाईक ठरतात.

दिसायला सारखे, नात्याने परके

शब्दांची नाती जुळवताना उच्चाराच्या साम्यावर विसंबणे धोक्याचे असते. ‘शहा’ हे गुजराती आडनाव इराणी राजपदावरून आले असावे, असा समज सहज होतो. व्यापारी समाजातील हे आडनाव मात्र संस्कृत ‘साधु’पासून झालेल्या ‘साह’ किंवा ‘साहू’ या रूपाचे आहे. साधु म्हणजे सचोटीचा, पत असलेला माणूस. मराठीतला ‘साव’ आणि ‘सावकार’ हे शब्दही त्याच मुळाचे. जुन्या व्यापारात ‘शहाजोग हुंडी’ नावाचा हुंडीचा एक प्रकार होता. तिची रक्कम पेढीवर येणाऱ्या कोणालाही न देता बाजारात पत असलेल्या शहालाच, म्हणजे साहूलाच द्यायची असे. हुंडी हा धनादेशाचा देशी पूर्वज आणि धनादेशाचे इंग्रजी नाव ‘शाह’वरून आलेले, तरीही हुंडीतला ‘शहा’ आणि चेकमधला ‘शाह’ हे एक नव्हेत.

‘शहाणा’ हा शब्दही राजाशी संबंधित नाही. त्याचे मूळ संस्कृत ‘सज्ञान’मध्ये आहे. ‘शहामृग’ तर भाषेने स्वतःची केलेली गंमत आहे. फारसीत या पक्ष्याला ‘शुतुरमुर्ग’ म्हणतात. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. मराठी कानांना त्यात ‘शहा’ आणि ‘मृग’ ऐकू आले आणि उंटासारख्या पक्ष्याचे राजेशाही हरीण झाले. युरोपातील चेक लोक व त्यांचे प्रजासत्ताक यांचाही बँकेतल्या चेकशी संबंध नाही. ते त्या लोकांचे स्वतःचे, स्लाव भाषेतले नाव आहे.

चौकड्यांचे मेज

इंग्रजीत आल्यावर ‘चेक’चा अर्थ पटाबाहेर पडायला वेळ लागला नाही. चौदाव्या शतकापर्यंत एकाएकी बसलेला आघात, अडवणूक, माघार या अर्थांनी तो वापरला जाऊ लागला होता. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ला अपयश असा अर्थ आला आणि तो आजही कायम आहे. जर्मनमध्ये एखाद्याला ‘शाखमध्ये धरणे’ म्हणजे त्याला काबूत ठेवणे.

पैशांशी या शब्दाचे नाते जुळले ते मात्र पटाच्या आकारामुळे. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. नॉर्मन राजांच्या काळात इंग्लंडमध्ये राज्याचा महसूल मोजण्यासाठी जे कार्यालय निर्माण झाले, त्याला याच शब्दावरून ‘एक्स्चेकर’ हे नाव पडले. कारण तेथील हिशेब पटासारख्या चौकड्या असलेल्या कापडावर चालत असे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कार्यालयाच्या कामकाजावर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहिला. सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद मेज, त्याला चार बोटे उंचीचा कठडा आणि वर रेघा आखलेले काळे कापड, असे वर्णन त्यात आहे. प्रत्येक रकान्याला किंमत ठरलेली असे. पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार. रकान्यांत सोंगट्या ठेवून बेरीज-वजाबाकी केली जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्यासमोर काय हिशेब चालला आहे ते डोळ्यांनी दिसावे, ही या पद्धतीची सोय होती.

फिट्झनीलने नावाचे आणखी एक कारण दिले आहे. पटावर दोन खेळाडू समोरासमोर बसतात, तसे येथेही दोघे समोरासमोर बसत. एका बाजूला राजाचा खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला प्रांताचा महसूल गोळा करून आणणारा शेरीफ. शेरीफने आणलेली रक्कम आणि त्याच्याकडून येणे असलेली रक्कम यांचा मेळ बसेपर्यंत हा सामना चालू राही. ‘चेक’चा ‘पडताळणी’ हा आधुनिक अर्थ इंग्रजीत बराच नंतर, सतराव्या शतकाच्या सुमारास स्थिर झाला. पण त्यामागचे चित्र या मेजावर आधीच रेखाटलेले होते.

शेरीफने भरलेल्या रकमेची पावती कागदाची नसून लाकडाची असे. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडून ती उभी चिरली जाई आणि एकेक भाग दोन्ही पक्षांकडे राही. पुढे वाद झाला तर दोन भाग जुळवून पाहायचे. एकाच झाडाची, एकाच चिरेची काठी असल्याने खोटा भाग ओळखू येई. काठीच्या एका भागाला ‘स्टॉक’ आणि दुसऱ्याला ‘फॉइल’ म्हणत. चेकबुकातील स्थळप्रतीला आज ‘काउंटरफॉइल’ म्हणतात, त्यात हाच ‘फॉइल’ दडलेला आहे. ही पद्धत १९व्या शतकापर्यंत टिकली. ती बंद झाल्यावर साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेच्या इमारतीतील भट्ट्यांत जाळण्यात आल्या. भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या, आग पसरली आणि वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याचा बहुतांश भाग भस्मसात झाला.

एक्स्चेकरचे नाव मात्र टिकले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. १९२१ पासून ब्रिटिश पंतप्रधानांचे ग्रामीण निवासस्थान असलेल्या ‘चेकर्स’ या वास्तूचे नावही या कार्यालयातील बाराव्या शतकातल्या एका सेवकाशी जोडले जाते. शर्टावरचे ‘चेक्स’ आणि मोटार शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा ध्वज, ही सारी त्या पटाचीच अपत्ये आहेत.

धनादेशाचा जन्म

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात श्रीमंत लोक सराफांकडे पैसे ठेवत आणि कोणाला रक्कम द्यायची असेल तर सराफाच्या नावे चिठ्ठी लिहीत. १६५९ सालची, ४०० पौंडांची अशी एक हस्तलिखित चिठ्ठी आजही जतन करून ठेवलेली आहे. त्या काळी तिला चेक म्हणत नव्हते. अशा चिठ्ठ्यांत खाडाखोड आणि बनवेगिरी होऊ लागली, तेव्हा अठराव्या शतकात छापील, क्रमांक घातलेले आणि स्थळप्रत जोडलेले कागद वापरात आले. या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणत, कारण मूळ कागद खरा की खोटा हे तिच्याशी ताडून पाहता येई. कालांतराने पडताळणीच्या तुकड्याचे नाव मुख्य कागदालाच मिळाले.

इंग्रजी लेखनातील घोळ येथून सुरू होतो. अमेरिकेत धनादेशाचे आणि तपासणीचे स्पेलिंग एकच आहे. ब्रिटनमध्ये व भारतात धनादेशाचे स्पेलिंग ‘क्यू’ अक्षराने लिहितात. लंडनचे बँकतज्ज्ञ जेम्स विल्यम गिल्बर्ट यांनी १८२०च्या दशकात आपल्या ग्रंथात हे दुसरे रूप स्वीकारले. अर्थाचा गोंधळ टळावा आणि एक्स्चेकरशी असलेले साम्य दिसावे, अशी त्यांची कारणे होती. अमेरिकी संगणक प्रणालीतील शब्दतपासणी भारतीय स्पेलिंग चुकीचे ठरवते, त्यामागे दोन देशांच्या या वेगळ्या सवयी आहेत. चूक कोणाचीच नाही.

धनादेशाचे मूळ अरबी ‘सक्क’ या शब्दात असल्याचेही एक मत आहे. मध्ययुगीन अरब व्यापारात रक्कम देण्याच्या लेखी आदेशाला हे नाव होते. या पद्धतीचा प्रभाव युरोपीय व्यवहारांवर पडला असणे शक्य आहे. तथापि शब्दाचा लेखी इतिहास स्थळप्रतीच्या ‘चेक’कडून धनादेशाकडे जाताना दिसतो. त्यामुळे प्रमुख इंग्रजी कोश बुद्धिबळाचीच व्युत्पत्ती देतात.

भारतात धनादेशाचा कायदा म्हणजे १८८१ सालचा चलनक्षम दस्तऐवज अधिनियम. या कायद्यात १ एप्रिल १९८९ पासून १३८वे कलम अमलात आले आणि खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. मात्र गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर त्याला रक्कम भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत मिळते. या मुदती पाळल्या नाहीत तर खरे येणे असलेल्या माणसाचाही दावा अडतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची वैधता सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

पडताळणीचा मूळ हेतू आधुनिक बँकिंगने सोडलेला नाही, त्याची साधने मात्र बदलली आहेत. १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार रुपये व त्यावरील धनादेशांसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ ही व्यवस्था लागू झाली. धनादेश देणारा तारीख, रक्कम, घेणाऱ्याचे नाव हा तपशील आपल्या बँकेला आधी कळवतो आणि धनादेश वटण्यासाठी आल्यावर बँक तो ताडून पाहते. चिरलेल्या काठीचे दोन भाग जुळवून पाहण्याचाच हा प्रकार आहे. धनादेशाचा कागदही आता एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रवास करीत नाही, त्याची प्रतिमा पाठवली जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर ठरावीक गठ्ठ्यांऐवजी दिवसभर सलग धनादेश वटवण्याची पद्धत सुरू झाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत खात्यात पैसे भरू, या हिशेबाने धनादेश देणाऱ्यांना त्यामुळे सावध राहावे लागते.

नाका, बंधारा आणि बिल

चेकच्या उरलेल्या अर्थांची विभागणी ढोबळमानाने ‘अडवणे’ आणि ‘ताडून पाहणे’ या दोन शाखांत करता येते. चेकनाक्यावर दोन्ही एकत्र येतात. वाहन आधी अडवले जाते, मग तपासले जाते. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात बंद झाली, तरी मुलुंड चेकनाका हे नाव रिक्षावाल्यांच्या आणि प्रवाशांच्या तोंडी कायम राहिले.

‘चेक डॅम’मधला चेक हा अडवण्याचा. मराठीत त्याला नालाबांध किंवा बंधारा म्हणतात. ओढ्याचे पाणी कायमचे कोंडून ठेवणे हा त्याचा हेतू नसतो. पाण्याचा वेग कमी व्हावा, माती वाहून जाऊ नये आणि पाणी जमिनीत मुरावे एवढ्यासाठी तो असतो. शह आणि मात यांत जो फरक आहे, तोच बंधारा आणि मोठे धरण यांत आहे.

ताडून पाहण्याच्या शाखेतून ठेवीच्या बिल्ल्याचा अर्थ निघाला. अमेरिकेत प्रवाशांचे सामान किंवा टोपी-कोट ठेवून घेताना जो बिल्ला देत, त्यालाही चेक म्हणत. विमानतळावर सामान ‘चेक-इन’ करण्याचे मूळ तेथे आहे. सामानाला लावलेली पट्टी आणि प्रवाशाच्या हातातला तुकडा, अशी ही जोडी पुन्हा चिरलेल्या काठीची आठवण करून देते. अमेरिकी उपाहारगृहात बिलाला ‘चेक’ म्हणतात, तोही ताडून पाहायचा कागद या अर्थानेच.

सत्तेला शह

या शब्दाचा सर्वांत गंभीर अर्थ राज्यशास्त्रातला आहे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कायदा करणारी, अमलात आणणारी आणि न्याय देणारी सत्ता एका हाती असू नये, असे प्रतिपादन केले. अठराव्या शतकातील इंग्रजी राजकीय लेखनात त्यासाठी ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेचे समर्थन करताना १७८८ सालच्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ५१व्या लेखात जेम्स मॅडिसन यांनी प्रत्येक सत्तास्थानाला दुसऱ्याचा आवर असण्याची गरज मांडली.

ब्रिटनमध्ये एक्स्चेकर हे मुळात राजाचे हत्यार होते. राजाने आपल्या शेरीफांना शह देण्यासाठी ते उभारले. पुढे पटाची बाजू पालटली. १८६६ साली एक्स्चेकर व लेखापरीक्षा कायदा झाला आणि सरकारने केलेला खर्च संसदेच्या मंजुरीप्रमाणे झाला की नाही, हे ताडून पाहणारा ‘कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल’ अस्तित्वात आला. यातील ‘कंट्रोल’ हा शब्दही ‘प्रति-नोंदवही’ या अर्थाचा आहे. मूळ नोंदीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी नोंद म्हणजे कंट्रोल.

भारतीय राज्यघटनेच्या १४८व्या कलमाने हेच पद नियंत्रक व महालेखापरीक्षक या नावाने निर्माण केले. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अधिकारी राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत व्यक्त केले होते. त्याचे अहवाल १५१व्या कलमानुसार संसदेपुढे आणि राज्यांच्या विधिमंडळांपुढे ठेवले जातात. त्याला सरकार पाडण्याचा अधिकार नाही आणि कोणाला शिक्षा देण्याचाही नाही. खर्च झाला तो कसा आणि कशावर, एवढे तो सांगतो. पटाच्या भाषेत बोलायचे तर तो मात करीत नाही, शह देतो. पुढची चाल संसदेची व विधिमंडळाची असते, आणि अखेरची मतदाराची.

मराठीत आणताना

एवढ्या अर्थांचा शब्द मराठीत आणताना सरसकट ‘तपासणे’ वापरले की घोटाळा होतो. रोगाचा प्रसार ‘चेक’ करणे म्हणजे प्रसार तपासणे नव्हे. त्याला आळा घालणे. महागाई ‘चेक’मध्ये ठेवणे म्हणजे ती आटोक्यात ठेवणे. कागदपत्रांची पडताळणी होते, रुग्णाची तपासणी होते, ऐकलेल्या बातमीची खातरजमा होते, उधळपट्टीला लगाम बसतो, सत्तेवर अंकुश राहतो आणि शत्रूला पायबंद घातला जातो. इंग्रजीला जे काम एका शब्दावर भागवावे लागते, त्यासाठी मराठीत निदान अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. अंकुश हत्तीचा, लगाम घोड्याचा. चतुरंग सेनेच्या दोन अंगांतून आलेले हे दोन्ही शब्द, त्याच सेनेच्या खेळातून आलेल्या इंग्रजी शब्दाचे अनुवाद म्हणून वापरले जातात, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

बोलण्यात ‘चेक करतो’ म्हणायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. राजा या अर्थाच्या शब्दाची ती दूरची आणि झिजलेली, पण प्रामाणिक वंशज आहे. मात्र लिहिताना, अनुवाद करताना आणि विशेषतः कायदा किंवा बातमी वाचताना यातला नेमका कोणता चेक अभिप्रेत आहे, हे ताडून पाहणे आवश्यक ठरते. फुली मारलेला रकाना, न वटलेला कागद आणि सत्तेवरचा अंकुश यांत चूक झाली तर तिची किंमत वाचकालाच मोजावी लागते.